उजेड बंद असताना

पोपटरावांनी 'ऐकू आलं' म्हणायचं बटण दाबलं, खुर्चीत मागे रेलले, आणि पुढ्यातल्या टॅबलेटवर कौशिकनं टाइप केलेली अक्षरं उगवली : काका, आत्ता उजेड बंद होता. एवढंच. खाली रागाचं चिन्ह नाही, हसरं तोंड नाही. दोहातल्या त्या संशोधन संस्थेची ती खोली, एक काच सोडली तर, चारी बाजूंनी राखाडी स्पंजनं मढवलेली होती. एसीचा गारवा मोज्यांतून आत शिरत होता, डाव्या कानामागे पट्टी होती, पट्टीतून निघालेली केसाएवढी काचेची तार टेबलावरच्या पेटीत गेली होती, आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेल्या पोपटरावांच्या पोटात लिफ्टची दोरी तुटावी तसं काहीतरी खाली खाली गेलं. तळाशी आपटलंच नाही, जातच राहिलं. त्यांनी तोंड उघडलं. तोंड उघडलं की आपोआप गोष्ट बाहेर पडते, हा इतक्या वर्षांचा अनुभव. "उजेड बंद होता हे खरं, कौशिक, पण तुझ्या पेटीला ते कुणी कळवलं नसेल. आमच्या मेसईदला एकदा बॉयलर बंद करून आठवडा झाला तरी वाफ येत होती. वाफेला कुणी सांगितलंच नव्हतं, की बाई..." आणि इथे, वाक्याच्या ऐन मध्यावर, ते थांबले. पोपटरावांनी गोष्ट अर्धी टाकली असं मेसईदच्या कामगार कॅम्पात कुणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्यालाच थापाड्या ठरवलं असतं.

कारण त्यांचा सगळा संसार बोलण्यावर उभा होता. जो बोलत असतो त्याला कुणी काही विचारत नाही, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याला ऐकावं लागत नाही, हा शोध त्यांना खताच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसर-हाउसमध्ये लागला होता. तिथे यंत्रं अशी गरजायची, की माणसाला आपली खोकल्याची उबळ छातीत नुसती जाणवायची, ऐकू यायची नाही. कानावर मफ लावल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही असा नियम होता, तो दारावर पाच भाषांत लिहिलेला होता, आणि पोपटराव तो पाळतही होते, फक्त बेअरिंग तपासायची वेळ आली की सोडून. तेव्हा ते मफ काढून खांद्यावर टाकायचे, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कुरकुरतंय, की दात खातंय, की बरं आहे, हे त्या दांड्यातून चढत कवटीत यायचं. गावाकडे वैद्य नाडी बघतो तसं. सुपरवायझर लांबून हात उडवायचा, मफ लाव, मफ लाव, आणि पोपटराव त्याला डोळा मारायचे. असं किती वर्षं. मग एक दिवस स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि वर काहीच चढलं नाही. त्यांना वाटलं, यंत्र बंद पडलं. हात ठेवला तर यंत्र थडथडत होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिली मोठी थाप मारली. ऑगस्टच्या उन्हात एका उंटाची सावली डांबराला चिकटून बसली, उंट निघून गेला आणि सावली सोडवायला क्रेन मागवावी लागली. जहूर ड्रायव्हरनं पोट धरलं, सगळ्यांची तोंडं उघडी पडली, दात दिसले. हसण्याचा आवाज दातांतच असतो, असं पोपटरावांनी ठरवून टाकलं. मग ती सवयच लागली. अमोनियाच्या टाकीवर बसून बसून पांढरा झालेला कावळा ससाण्याच्या बाजारात कसा खपला, उम्म सलाल मोहम्मद गावच्या मळ्यातल्या टोमॅटोला दुपारी घाम कसा येतो. लोक हसत होते तोवर कुणी काही विचारत नव्हतं, आणि कुणी मधेच विचारलंच तर 'हो' म्हणायचं. पोपटराव इतक्या गोष्टींना 'हो' म्हणाले होते, की त्यातल्या कुठल्या खरोखर घडल्या असतील त्यांनाही सांगता आलं नसतं. कंपनीच्या कानाच्या तपासणीत ते काचेत दिसणाऱ्या नर्सच्या खांद्याकडे बघायचे. खांदा हलला की बटण दाबायचे. पुढे नवं यंत्र आलं. त्याला खांदाच नव्हता. तिथे ते उघडे पडले, स्टोअरमध्ये पाने-पकडी वाटायला बसले, आणि कुणीतरी त्यांचं नाव या दोहातल्या लोकांकडे पाठवलं. पण यंत्रानं पकडणं वेगळं. माणसानं, त्यातही काका म्हणणाऱ्या, साताऱ्याच्या, कोवळ्या दाढीच्या पोरानं शांतपणे टाइप करून पकडणं वेगळं.

कौशिक खुर्ची ओढून समोर येऊन बसला. त्याच्याकडे दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि भरपूर धीर होता. तो भराभर टाइप करू लागला आणि पोपटराव चष्मा सावरून वाचू लागले. काका, आपण परत एकदा बघू. कानाच्या आत एक गोगलगायीसारखा शंख असतो. त्यात ऐकण्याची नस असते. तुमचे शंखातले बारीक केस गेलेत, पण नस जिवंत आहे. दुसऱ्या पद्धतीत विजेचा झटका देऊन नस जागी करतात, पण वीज पसरते, एका जागी राहत नाही, म्हणून आवाज एकमेकांत मिसळतात. आपण झटका देत नाही. आपण उजेड पाडतो. "दिसत कुठंय उजेड?" पोपटराव म्हणाले. दिसणार नाही, इन्फ्रारेड आहे. टीव्हीच्या रिमोटमधला असतो ना, त्या जातीचा. डोळ्याला दिसत नाही, पण नसेवर पडला की तिथं किंचित ऊब येते, अगदी किंचित, आणि तेवढ्या उबेनं नस दचकते. ती दचकली की तुम्हाला आवाज. इथे कौशिक थांबला, त्यानं एकदा मागे काचेपलीकडे बसलेल्या डॉक्टर मरियमकडे पाहिलं, आणि पुढचं हळूहळू टाइप केलं. काका, पण ऊब जास्त झाली तर नस भाजते. भाजलेली नस परत येत नाही. मग उजेडानं नाही, विजेनं नाही, कशानंच ऐकू येणार नाही. आम्ही म्हणून कमीपासून सुरू करतो, एकेक पायरी चढवतो, आणि तुम्ही 'आलं' म्हणाल तिथे थांबतो. मधे मधे रिकामं सोडतो, तुम्ही खरं सांगताय ना बघायला. आम्हाला आत काही दिसत नाही. तुमचं हो आणि तुमचं नाही, एवढंच आमच्याकडे आहे.

पोपटरावांनी ते वाचलं, परत वाचलं. तुमचं हो आणि तुमचं नाही. जगात इतकी शहाणी माणसं, इतकी महागडी पेटी, आणि शेवटी सगळं येऊन कुणाच्या जिभेवर टेकलं, तर त्यांच्या. त्यांना हसू यायला हवं होतं. कॅम्पात सांगायला झकास गोष्ट. पण हसू आलं नाही. हो हा शब्द त्यांना इतका सहज यायचा, की त्याचा उपयोग कशाला होतो हे ते विसरूनच गेले होते. "चालू कर," ते म्हणाले. "आता खरंच सांगतो." कौशिकनं मान डोलावली आणि पाठीमागे गेला.

मग बराच वेळ काही नाही. स्पंजच्या भिंती. त्यांच्या डोक्यात कायम चालणारी ती शीळ, जी बहिरेपणाबरोबर फुकट मिळाली होती, प्रेशरनं नळी गळावी तशी बारीक. अंगठा बटणावर. अंगठ्याला सवय होती, तो आपोआप खाली जायला बघत होता, आणि पोपटराव दुसऱ्या हातानं त्याला धरून बसले होते, चोराला धरावं तसे. नाही. नाही. अजून नाही. इतक्या वेळा नाही म्हणायची सवय नसल्यामुळे त्यांना घाम फुटला, त्या गार खोलीत. आणि तेवढ्यात कुणीतरी कवटीच्या आत, डाव्या अंगाला, स्टीलच्या पाइपावर नखानं वाजवलं.

टक.

पोपटराव खुर्चीत ताठ झाले. हा आवाज होता. शीळ नव्हती, आठवण नव्हती, अंदाज नव्हता. बाहेरून आलेला, दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला, लहानसा, कोरडा, अगदी क्षुल्लक आवाज. त्यांना वाटलं होतं आवाज परत आला तर मंदिराच्या घंटेसारखा येईल, निदान ओळखीचा येईल. हा कुठल्याच गोष्टीचा आवाज नव्हता. जगात जिचा तो आवाज असेल अशी वस्तूच नव्हती. आणि तरी तो आवाज होता. त्यांना एकदम सगळं अंग उघडं पडल्यासारखं वाटलं, जसं न्हाणीघराचं दार कुणी ढकलावं. इतकी वर्षं त्यांच्यात आणि जगात जी जाड भिंत होती, जिच्याआड ते सुखानं थापा मारत बसले होते, तिला भोक पडलं होतं. आता कुणीही आत येणार. ते तसेच बसून राहिले, तोंड उघडं, हात मांडीवर, आणि बटण मांडीवरून घसरून तारेला लोंबकळत होतं. बटण दाबायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. मग परत टक, जोरात. मग परत, आणि या वेळी आवाजाबरोबर कानाच्या आत खोल कुठेतरी, जिथे माणसाला काही जाणवायचं कारण नाही अशा जागी, गरम चहाचा थेंब पडल्यासारखं झालं. "थांब रे," ते ओरडले. काय ओरडले ते त्यांना ऐकू आलं नाही, पण गळा ताणलेला कळला. काचेपलीकडे डॉक्टर मरियमचा हात टेबलावर आपटला आणि पेटीवरचा हिरवा दिवा विझला.

ती आत आली. डोक्यावरचा काळा शैला मागे सारत ती पोपटरावांच्या कानात दुर्बिणीनं बघत राहिली, बराच वेळ, आणि तिच्या श्वासाला वेलचीचा वास येत होता. मग कौशिकशी बोलली. दोघांची तोंडं हलत होती. पोपटरावांना अशी तोंडं बघायची सवय होती. कोण रागावलंय, कोण घाबरलंय, एवढं त्यांना नेहमी कळायचं. इथे दोघंही घाबरली होती. मग टॅबलेट आला. कान ठीक आहे, काका. मरियम मॅडम म्हणतात, अल्लानं वाचवलं. तुम्हाला केव्हा ऐकू आलं? "पहिल्यांदा टक झालं तेव्हाच," पोपटराव म्हणाले. "पण मी... बघतच बसलो." कौशिकनं डोळे मिटून उघडले. तुम्ही दाबलं नाहीत, म्हणून आम्ही दोन पायऱ्या वर चढवलं. धोक्याच्या लाल रेघेच्या खाली होतो, पण फार खाली नव्हतो. मरियमनं टॅबलेट त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या इंग्रजीतून काहीतरी लिहिलं. यंत्रानं त्याचं मराठी केलं, अवघडलेलं, पण समजण्यासारखं : आवाज नसताना तुम्ही होय म्हणता. आवाज असताना गप्प राहता. मी अशा माणसाच्या डोक्यात आग पाठवू शकत नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, राग नव्हता, आपल्या बापाला औषध न घेतल्याबद्दल बोलावं तशी दटावणी होती. मग अजून एक वाक्य. उद्या तार काढायची आहे. आज एक शेवटचं करू. माणसाचा आवाज. कोणाचा हवा?

"बायकोचा," पोपटराव म्हणाले. बोलून गेले. समोर बाई उभी, पोरगा उभा, मोठेपणा करायची सवय. जीभ पुढे आणि माणूस मागून धावतोय, असं त्यांचं आयुष्यभर झालं होतं. कौशिकच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मस्त काका, फोन जोडतो, काकूंना सांगितलंय ना या ट्रायलचं? "हो," पोपटराव म्हणाले.

सांगितलं नव्हतं. बबीताला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मला ऐकू येत नाही, आणि ते सांगायचं तर केरबाचं सांगावं लागलं असतं. केरबा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, शिराळ्याकडच्या गावातला, ट्रॅक्टरच्या टपावर बसून तंबाखू मळणारा. त्या वेळी पोपटराव अजून साधा फोन कानाला लावत होते. कानात नुसती कुजबुज यायची, चाळणीतून पीठ पडावं तशी, पण बायकोची कुजबुज म्हणजे काय असणार, जेवलासा का, तब्येत बरी आहे का, पोरीच्या, कोमलच्या, सासरचं काहीतरी. ते ठरलेल्या जागी हो म्हणायचे आणि संधी मिळाली की गोष्ट सुरू करायचे. त्या दिवशी कुजबुज थोडी लांब चालली. पोपटराव हो म्हणाले, दोनदा म्हणाले, मग हसले, आणि मेसईदच्या बंदरात एका कासवानं बोटीचा नांगर कसा गिळला आणि मग बोट कासवाच्या मागं-मागं इराणला कशी निघाली ते रंगवून सांगितलं. पलीकडे सगळं शांत झालं. त्यांना वाटलं, हसून हसून बोलता येत नसेल. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. केरबा फोटोत होता आणि फोटोला हार होता. पोपटराव स्टोअरच्या मागे, जिथे गंजलेले व्हॉल्व टाकतात, तिथे वाळूत जाऊन बसले होते आणि एकच विचार करत होते, की नांगर गिळलेलं कासव. माझा भाऊ गेला आणि मी तिला कासव सांगितलं. त्यानंतर त्यांनी बबीताला सांगितलं, साध्या फोनला इथे रेंज नसते, व्हिडिओच करत जा. आणि बबीता व्हिडिओ करू लागली. केरबाचं नाव दोघांनीही काढलं नाही. दुःखानं डोकं फिरलं असेल असं तिनं धरलं असावं, असं पोपटरावांनी धरलं. व्हिडिओवर बरं चालायचं. ती घरातल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची, समोर स्वयंपाकघराचं दार, तिथे केरबाची विधवा बायको केसरबाई आपली कामं करत असायची. पोपटराव आपली गोष्ट सांगायचे, मग दमून गप्प व्हायचे, आणि मग बबीता बोलायची. तिचे ओठ हळू हलायचे. पहिल्यापेक्षा हळू, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वय झालं, त्यांना वाटलं. 'जेवलासा का' एवढं तिचं त्यांना ओठांवरून वाचता यायचं, रोजचंच असल्यामुळे. बाकीचं नाही. बाकीच्याला ते मान डोलवायचे. कधी बोलता बोलता तिचे डोळे भरून यायचे, तेव्हाही डोलवायचे, थोडी जास्त हळू. आणि बोलणं संपलं की ती अशी दिसायची, जशी न्हाऊन, केस पुसून, नुकतीच उंबऱ्यात येऊन बसलेली बाई.

फोन स्टँडवर लागला. एक वायर फोनमधून पेटीत गेली. कौशिकनं दाखवलं, की तिकडून जो आवाज येईल तो मोडून पेटी त्याचे उजेडाचे बारीक ठोके करील, शब्द ओळखता येणार नाहीत कदाचित, पण ठोके ओठांशी जुळले पाहिजेत. काचेपलीकडे मरियमसमोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती. आवाज आला की ती उसळणार. ही रेघ पोपटरावांच्या पाठीला होती. त्यांच्यासमोर फक्त बबीता. फोनच्या चौकोनात ती आली, पदर सावरत, कपाळावर जेवणानंतरचा घाम, मागे कॅलेंडर. पोपटरावांनी लगेच सुरू केलं, "अगं, आज ऑफिसच्या कामाला दोहाला आलोय, इथं एसी इतका गार, की मघाशी एका माणसाची शिंक हवेतच..." मरियमनं काचेवर हात ठेवला, पाचही बोटं पसरून. म्हणजे, तुम्ही गप्प राहा. तिला बोलू द्या. पोपटराव गप्प झाले. बबीता जरा थांबली. इतक्या लवकर आपली पाळी आली याचं तिला नवल वाटलं असावं. तिनं स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, भिंतीला पाठ लावली, आणि तिचे ओठ हलू लागले.

काही नाही.

ओठ हलत होते, हळू, लांबलचक, भुवया वर जात होत्या, एकदा हनुवटी थरथरली, आणि पोपटरावांच्या डोक्यात फक्त ती जुनी शीळ. त्यांना गार वाटलं. म्हणजे भाजली. मघाच्या त्या गरम थेंबानं नस भाजली, मी बटण दाबलं नाही म्हणून. आलेलं एवढंसं, ते नखाएवढं टक, ते मी स्वतः जाळलं. अंगठा बटणाकडे निघाला. दाबून टाक. हो म्हण. मरियम खूश होईल, कौशिक खूश होईल, उद्या तार निघेल, मेसईदची बस पकड, कॅम्पात जा, सांग की कानात सूर्य घालून आलो. कुणाला कळणार आहे. आणि नाही म्हटलं, तर कौशिकचा हात पेटीवरच्या गोल बटणाकडे जाईल आणि तो एक पायरी चढवेल, आणि जे थोडं उरलं असेल तेही जाईल. दोन्हीकडून मेलो. बबीताचे ओठ हलतच होते. तिचे डोळे भरले. इथेच डोलवायची वेळ आली होती, मान आपणहून खाली निघाली होती, अर्ध्या वाटेवर आली होती. तुमचं हो आणि तुमचं नाही, एवढंच आमच्याकडे आहे. पोपटरावांनी मान तिथेच धरली. मानेची शीर दुखली.

"नाही," ते म्हणाले. "कौशिक, ऐकायला येत नाही. काहीच येत नाही."

बटण त्यांनी दाबलं नव्हतं. बबीताचे ओठ थांबले. तिनं भुवया जवळ आणल्या. हे कोणाशी बोलतायत, असं. कौशिक पडलेल्या चेहऱ्यानं पेटीकडे वळला, त्यानं हात पुढे केला, आणि काच सोडून मरियम धावत आत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. ती काहीतरी बोलत होती, भराभर, आणि काचेपलीकडच्या पडद्याकडे बोट दाखवत होती. पोपटराव खुर्चीत वळले. हिरवी रेघ आडवी पडली होती. उन्हात ताणून वाळत घातलेल्या दोरीसारखी, जराही न हलता. टॅबलेटवर अक्षरं आली, घाईघाईत, चुकांसकट : काका तिकडून आवाजच येत नाहीये. उजेड लागलाच नाही अजून. काकूंचा माइक बंद असेल. माइकवर ठोकायला सांगा. पोपटराव वाचत होते तेवढ्यात त्यांच्या डोक्यात, डाव्या अंगाला, ठण्ण असा एक मोठा फुटका ठोका पडला, मागोमाग बारीक बारीक ठोके गडगडत गेले, आणि चौकोनात बबीतानं दचकून मान स्वयंपाकघराकडे वळवली. तिथे केसरबाईच्या हातून काहीतरी पडलं होतं, पातेलं किंवा परात. ते इथे पोचलं. शिराळ्याकडच्या एका स्वयंपाकघरातली परात फरशीवर पडली, समुद्रावरून आली, वायरीतून पेटीत शिरली, उजेड झाली आणि पोपटरावांच्या नसेवर पडली. हिरवी रेघ उसळून पुन्हा आडवी झाली. माइक चालू होता, पेटी चालू होती, नस जिवंत होती. सगळं येत होतं. फक्त बबीता येत नव्हती.

ते कळायला पोपटरावांना वेळ लागला. आधी ते पोटाला कळलं. लिफ्ट जी सकाळपासून खाली जात होती ती आता तळाला लागली, आणि तिथे उजेड होता. ती बोलतच नव्हती. ओठ हलवत होती. आवाज न काढता, नुसते ओठ. आज नाही, कालही तसंच, केरबा गेल्यापासून, रोज. तिला ठाऊक होतं. कासवाच्या दिवशीच तिला कळलं होतं, की पलीकडचा माणूस बहिरा आहे, आणि ती कुणाला म्हणाली नाही, त्यांनाही नाही. आणि मग, ज्याला काही ऐकूच येत नाही त्याच्यासाठी आवाज कशाला खर्चायचा? आवाज काढला तर दाराआड केसरबाई. आवाज काढला तर शेजार, गाव. पण नुसते ओठ हलवले तर काहीही बोलता येतं. भिंतीला पाठ लावून, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून, जे कुणाला सांगता येत नाही ते सगळं. आणि नवरा मान डोलवतो. हो म्हणतो. पोपटराव वर्षानुवर्षं समजत होते, की ते तिला फसवतायत. आणि ती त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच भिंतीच्या आडोशाला, न्हाऊन घेत होती. कशाकशाला हो म्हणालो मी? ती रडली तेव्हा मी कशाला हो म्हणालो?

"बबीता," ते म्हणाले. आपला आवाज कसा निघाला त्यांना कळलं नाही, पण कौशिकनं मान खाली घातली. "आवाज काढून बोल. मला यायला लागलंय ऐकायला. आत्ता ती परात पडली ना, ती आली."

चौकोन गोठला. नेटवर्क गेलं असं वाटावं इतकी ती हलली नाही. मग तिचा हात हळूच वर आला आणि तोंडावर बसला, बोटं पसरून, जसं सांडणारं भांडं झाकावं. वरून नुसते डोळे राहिले, आणि ते डोळे मागे मागे जात होते, एकेक दिवस, एकेक दुपार, आपण काय काय बोललो ते चाचपत. पोपटरावांनी तिला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते सांगू शकले असते, की आजच आलंय, मागचं काही ऐकलेलं नाही. पण त्यांनी ते सांगितलं नाही, कारण या बाईला सांगायला त्यांच्याकडे पहिल्यांदाच कुठली गोष्ट नव्हती. हात खाली आला. ओठ हलले, आणि प्रत्येक हलण्याला आत एक ठोका पडला, पत्र्यावर बोरं पडावीत तसे, कोरडे, सुट्टे, तिच्या आवाजाशी काडीचंही साम्य नसलेले.

जे-व-ला-सा का.

कौशिक हसला, त्यानं अंगठा दाखवला. मरियमनं डोळे पुसले की काय, ती काचेकडे तोंड करून उभी होती. जुळलं होतं सगळं. ट्रायल यशस्वी. पोपटरावांना फक्त हो म्हणायचं होतं, जेवलो म्हणायचं होतं, आणि सगळे आपापल्या घरी गेले असते. तिचेही डोळे तेच मागत होते. हो म्हणा. एवढंसं वाक्य, तोंडात मावणारं. मघाशी जे चाललं होतं ते याच्या कितीतरी पट लांब होतं. त्यात हनुवटी थरथरली होती.

"हे नव्हं," पोपटराव म्हणाले. "मघाचं."

ती उठली, फोन हातात घेऊन. चौकोनात छताचे वासे गेले, पंखा गेला, कॅलेंडर तिरपं झालं, दाराची निळी चौकट आली, आणि पोपटरावांच्या डोक्यात एक जाड, आखूड ठोका पडला. कडी लागली होती. कौशिक लिहून द्यायला टॅबलेट सरसावून बसला होता. पोपटरावांनी हात लांब केला आणि टॅबलेट पालथा घातला. बटणही त्याच्यावर ठेवून दिलं. चौकोन स्थिर झाला, ती परत भिंतीला पाठ लावून बसली होती, या वेळी अगदी जवळ, इतकी की तिचं तोंडच तेवढं दिसत होतं. तिनं ओठ ओले केले. आणि उजेड लागला.